काशीदच्या रिसॉर्टमधलं आफ्रिकन-भारतीय हॉटेल: आईबाबांना नेऊ का?

ठाण्याची_सई
जूनमध्ये आईबाबांना घेऊन काशीदला जातोय. जिथे खोल्या घेतल्यात त्या रिसॉर्टमध्ये नवीन 'आफ्रिकन-इंडियन फ्यूजन' रेस्टॉरंट निघालंय. मेनूत बनी चाऊ, जोलोफ राइस, उगाली, इंजेरा, पेरी पेरी सुरमई असं बरंच काही आहे. बाबा पक्के मासेखाऊ, रस्सा-भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही त्यांना. आई शाकाहारी. दर बघून धडकी भरलीय. जाऊ, की सरळ गावातली खानावळ गाठू?

मुरुडचा_मासळीवाला
ताई, जा, पण सगळं मागवत सुटू नका. त्या पट्ट्यातल्या रिसॉर्टना मी मासळी देतो, त्यामुळे मागच्या दाराने रोजचीच ये-जा. एकदा घरच्यांना घेऊन पुढच्या दारानेही गेलो.

माझा हिशेब साधा आहे. जे पदार्थ समुद्रापलीकडे कधीचेच एकमेकांत मिसळलेत ते झकास आहेत. एसीत बसून जुळवलेले फसलेत. झांजिबार-मोंबासाकडचा नारळाच्या रसातला मासा घ्याच. हलवा माशाला तिरके काप देऊन निखाऱ्यावर ठेवतात आणि भाजताना वरून दाट रस पुन्हा पुन्हा लावत राहतात. तो कडेला करपतो, कापांत मुरतो. आमच्या म्हातारीने काटेसुद्धा चोखले, आणि ती सहसा कुणाच्या हातचं चांगलं म्हणत नाही.

बनी चाऊही चांगला. अख्ख्या ब्रेडचा चतकोर पोखरून त्यात मटणाचा रस्सा, काढलेला गाभा वर झाकण म्हणून. बाबांना तो बुडवून खायला द्या. मेनूवर जंजिऱ्याचा फोटो टाकून खाली 'सिद्दींचा वारसा' लिहिलंय ते मात्र सोडून द्या. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, १९४८ पर्यंत इथे त्यांचं संस्थान होतं, सगळं खरं. पण बनी चाऊचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. तो डर्बनचा. १८६० पासून आपली माणसं तिकडे उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेली, त्यांच्या वस्तीतलं खाणं ते.

जोलोफवर बटर चिकनची ग्रेव्ही ओततात. घेऊ नका.

दारेसलाम_रिटर्न
ग्रेव्हीबद्दल शंभर टक्के सहमत. जोलोफचा तांदूळ टोमॅटो, कांदा, मिरचीच्या वाटणातच शिजतो, वर काही लागतच नाही. आणि उगालीचे चौकोनी तुकडे तळून स्टार्टर म्हणून देतात, तो तर निव्वळ अत्याचार! मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा तो. हाताने तोडायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. साधी उगाली आणि पालेभाजी मागा, करून देतात.

आईंसाठी नारळाच्या रसातला राजमा विचारा. आमच्या कँटीनला आठवड्यातून दोनदा असायचा, सोबत पदर सुटलेली चपाती. इंजेरा आंबवलेल्या पिठाचा, आंबोळीची सवय असेल तर आवडेल. सोबतची डाळ तिखटजाळ असते, आधी चमचाभर चाखून बघा.

ठाण्याची_सई
वा, आईचं तर ठरलं. भाऊ, हलवा जूनमध्ये मिळेल ना?

मुरुडचा_मासळीवाला
तिथेच गोम आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. त्या काळात ताटात येणारा हलवा आणि सुरमई बहुतेक बर्फातली, मी विकतो म्हणून खोटं कशाला सांगू? वेटरला विचारू नका, तो 'फ्रेश आहे' हेच म्हणणार. आख्खा मासा आणून दाखवायला सांगा. डोळे आत गेलेले दिसले की त्या दिवशी बाबांना मटणाचा बनी चाऊ. खाडीतला बोय मिळाला तर त्यालाच नारळाचा रस लावायला सांगा, काही बिघडत नाही. आणि सोलकढी तिथे पिऊ नका, पावडरची असते. ती गावातच प्या.