प्रमोशन घेतलं की नाकारलं? आपापले अनुभव लिहा

सायली_क:
काल भाचीचा फोन आला. बँकेत क्लार्क आहे. ऑफिसरच्या यादीत नाव लागलंय आणि पोरगी रडतेय. पोस्टिंग कुठे मिळेल ठाऊक नाही, लेक जेमतेम तीन वर्षांची. मला बाबा आठवले. त्यांनी दर वेळी लेखी नकार दिला. मागून लागलेले साहेब होऊन आले, त्यांच्या हाताखाली बाबांनी मन लावून काम केलं. रिटायर झाले तेव्हा गावोगावचे कर्जदार शेतकरी भेटायला आले होते. इतका समाधानी माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुमच्याकडे काय झालं?

कंदी_पेढा:
क्लार्कची बदली जवळपास होते, ऑफिसर झालं की देशात कुठेही. खरं दुखणं तेच. मी घेतलं. पहिलंच पोस्टिंग पूर्णिया, बिहार. मुलाचं दहावीचं वर्ष व्हिडिओ कॉलवर गेलं, ते परत येणार नाही. पण बचत गटाचं पहिलं कर्ज माझ्या सहीने मंजूर झालं, तेव्हा जे वाटलं ते काउंटरवर कधी वाटलं नव्हतं.

मोगरा:
पूर्णिया म्हणजे मखाण्याचा मुलूख ना? तिथे स्वस्त मिळतो का हो?
मी नोटबंदीत काउंटरवर होते, रात्री उशिरा घरी. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

वऱ्हाडी_ठेचा:
झेडपी शाळेतही हेच. केंद्रप्रमुख झालं का वर्ग सुटते. मले वर्गच पाह्यजे. पहिलीतलं पोरगं सोताचं नाव लिवते ना, तो आनंद अहवाल भरून भेटत नाही.

ठाण्याचे_आजोबा:
राणी आणि अभय बंग जॉन्स हॉपकिन्सला शिकून परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. त्यांच्या कामाने घरोघरी नवजात बाळं वाचली. यश याहून मोठं काय असतं?

मोगरा:
खरंय काका, पण ज्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत त्याने काय करावं? पगारवाढीनेच आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं माझ्या. त्या पैशाचंही समाधान आहेच.

कंदी_पेढा:
सकाळी घाईत राहिलं. २०१४ साली अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना कळवलंय, विवाहित महिलेला शक्यतो नवऱ्याजवळ पोस्टिंग द्यावं. हक्क नाही, पण अर्ज जरूर करायला सांगा. आणि मखाणा मिळतो स्वस्त, पुढच्या वेळी आणतो.

सायली_क:
हे तिला माहीतच नसणार! जावई नाशकात आहेत. आत्ताच कळवते. पेढा, व्यनि (खासगी निरोप) बघा, अर्जाचा मजकूर हवाय.