मदत हवी आहे: कोवेलाइटचा खडा ठेवलेलं पाणी प्यायलं तर चालतं का?

मुलुंडकरीण:
सासूबाईंना बरीच वर्षं अर्धशिशीचा त्रास आहे. दादरच्या एका प्रदर्शनातून त्यांनी कोवेलाइट आणलाय. गडद निळा, आकाराच्या मानाने जड. आज्ञाचक्रासाठी चांगला असं विकणाऱ्याने सांगितलं. तो कपाळावर ठेवून त्या पडून राहतात आणि त्यांना बरं वाटतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता मात्र कुणीतरी त्यांना खडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायला सांगितलंय. कोवेलाइट म्हणजे कॉपर सल्फाइड, एवढं मी वाचलं. आई म्हणतात, "तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण पितोच की!" यावर काय सांगू? शिवाय खडा ओला झाला की जांभळा दिसतो, वाळला की परत निळा. पेल्याच्या तळाशी चमकदार कणही दिसले. रंग उतरतोय का? त्यांचं मन न दुखवता हे थांबवायचंय.

खडकवेडा:
ताई, आजपासूनच बंद करा.

रंग उतरत नाहीये. ओला झाल्यावर जांभळा दिसणं ही कोवेलाइटची ओळखीची खूण, म्हणजे खडा बहुधा खरा आहे. पण तो फार मऊ असतो, काठिण्य दहाच्या मोह्स मोजपट्टीवर जेमतेम 1.5 ते 2, नखानेही ओरखडा उठतो. अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात, तुम्हाला दिसले ते कण तेच असावेत.

भांडं शुद्ध धातूचं असतं, हा खाणीतून निघालेला दगड आहे. कोवेलाइटसोबत बऱ्याचदा पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) असतो, कधी एनार्जाइट हे खनिजही, आणि एनार्जाइटमध्ये आर्सेनिक असतं. अमेरिकेतल्या ब्यूटच्या खाणींत ही खनिजं एकत्रच सापडतात. आपल्या खड्यात काय आहे हे नुसतं बघून कुणालाच सांगता येणार नाही. त्यात मुंबईची दमट हवा. ओलाव्यात अशा सल्फाइडांवर हळूहळू कॉपर सल्फेट धरू शकतं. म्हणजे आपलं मोरचूद! ते पाण्यात सहज विरघळतं आणि पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला 0.05 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. तुमच्या पेल्यात किती उतरलं हे कोण मोजतंय?

शिवडीची_सुमन:
आईंना खडा टाकून द्या म्हणू नका. बंद झाकणाच्या काचेच्या बरणीत पाणी भरा आणि खडा बरणीबाहेर, शेजारी ठेवा. खडे वापरणाऱ्यांतही ही पद्धत आहे, त्यामुळे त्यांना परकी वाटणार नाही. खडा हाताळल्यावर हात धुवायला सांगा. अर्धशिशीत अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहायला डॉक्टरही सांगतात, तेव्हा ते चालू दे. गोळ्या बंद केल्या नाहीत ना?

मुलुंडकरीण:
नाही, गोळ्या चालू आहेत. मोरचूद म्हटल्यावर आई चटकन थांबल्या, गावाकडे द्राक्षबागेत फवारणीला वापरलेलं त्यांनी पाहिलंय. काचेची बरणी आज आणते. आधी पाणी प्यायल्या आहेत, तेव्हा डॉक्टरांच्या कानावरही घालते.