नाशिकमध्ये सीबीटी शिकवायची तर कोणाला, आणि किती दिवसांत?

गोदाकाठ

मी एम.एस.डब्ल्यू. आहे, नऊ वर्षं नाशिकमध्ये समुपदेशन करते. माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे वाद नेमका होईल. डिप्रेशन, पॅनिक, सततची काळजी या नेहमीच्या त्रासांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. झालेल्या मानसतज्ज्ञांची वाट बघणं आपण थांबवावं. एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झालेली मुलं आणि निवडक आशाताई यांना वर्षभर, कोणाच्या तरी देखरेखीखाली, सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर रुग्णाबरोबर बोलून, सराव करून काम करणारी उपचारपद्धत) शिकवावी.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं दिसलं की या नेहमीच्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. हे ८५ मला रोज दिसतात. अंबडच्या कारखान्यातला एखादा मुलगा छातीत धडधडतं म्हणून तीनदा ईसीजी काढतो. तिन्ही नॉर्मल. मग घरचे त्र्यंबकला शांती करून आणतात. माझ्यापर्यंत येईस्तोवर दोन वर्षं गेलेली असतात, नोकरीही सुटलेली असते. "तुला हार्ट अटॅक नाही" हे त्याला डॉक्टरांनी तीनदा सांगून झालेलं असतं, चौथ्यांदा माझ्याकडून ऐकून काय होणार? त्याला मुद्दाम जिने चढायला लावायचं, जोरजोरात श्वास घ्यायला लावायचा, तीच धडधड उठवायची. आणि खिशातली गोळी, पाण्याची बाटली, सोबत आणलेला भाऊ यातलं काही हाताशी नसताना ती आपोआप कशी ओसरते हे त्याला स्वतःला बघू द्यायचं. हे शिकवता येतं. शिकता येतं.

इंग्लंडने २००८ पासून हेच देशभर केलं. डेव्हिड क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ आणि रिचर्ड लेयार्ड हे अर्थतज्ज्ञ, या दोघांनी सरकारला पटवलं की उपचारांचा खर्च लोक कामावर परतल्याने भरून निघेल. हजारो थेरपिस्ट नव्याने तयार झाले. आपल्याकडे आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे, मुक्त विद्यापीठ गोवर्धनला. मग सुरुवात नाशिकने का करू नये?

त्र्यंबक रोड

ताई, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण मला हे धोकादायक वाटतं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे.

सीबीटी शिकणं हा पुढचा भाग झाला. समोरच्याला नेमकं काय झालंय हे ओळखणं त्याच्या आधी येतं. थकवा, झोप, रडू या तक्रारी थायरॉइडनेही होतात. आज उदास दिसणारा माणूस सहा महिन्यांपूर्वी रात्र रात्र जागून कर्ज काढून तीन धंदे सुरू करत होता, हे कोणी विचारलंच नाही तर बायपोलर, म्हणजे अति उत्साह आणि उदासी आलटून पालटून येणारा आजार, निसटतो. पीएचक्यू-९ ची प्रश्नावली भरून घेतली म्हणजे निदान झालं असं समजणारे मी पाहिलेत. ती डिप्रेशन किती आहे हे मोजणारी नऊ प्रश्नांची, २७ गुणांची मोजपट्टी आहे, निदान नव्हे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं हे स्पष्ट सांगतो, आणि त्यामागे कारण आहे.

इंग्लंडचं उदाहरण देताना हेही सांगा की तिथे बरे झालेल्यांचं प्रमाण काढताना निदान दोन सत्रं घेतलेल्यांचाच हिशेब धरतात. एकदाच येऊन गेलेले त्यात नसतात. शिवाय तिथे प्रत्येक रुग्णाच्या मागे, ज्याच्याकडे त्याचं नाव नोंदलेलं आहे असा फॅमिली डॉक्टर उभा असतो. पेठ-सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यांत कोण उभा आहे?

इंदिरानगर

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल लिहिते. तिला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ आहे. गॅस बंद केला का, कडी लावली का, रात्री तीस-तीस वेळा बघायची. आमच्या ओळखीतल्या एका समुपदेशक बाईंकडे गेलो. भिंतीवर सीबीटीचं प्रमाणपत्र होतं. नंतर कळलं की ते दोन दिवसांच्या कार्यशाळेचं होतं.

त्यांनी मनगटाला रबरबँड बांधायला दिला. वाईट विचार आला की तो ओढायचा आणि मनात "थांब" म्हणायचं. विचार थांबवायला गेलं की तो दुप्पट जोराने येतो, हे आज मला माहीत आहे. तेव्हा नव्हतं. बहीण दिवसभर रबरबँड ओढत बसायची, मनगट सुजलं होतं. आणि तिची खात्री पटली की थेरपीनेही आपलं काही होणार नाही. दीड वर्ष ती कोणाकडेच गेली नाही. ते दीड वर्ष मी विसरू शकत नाही.

पुढे ज्यांनी तिला बरं केलं, त्यांनी अगदी उलट केलं. कडी एकदाच लावायची, मागे फिरून बघायचं नाही, बेचैनी येऊ द्यायची आणि ती उतरेपर्यंत बसून राहायचं. तेही सीबीटीच होतं. म्हणून विचारते, दोघांच्या पाटीवर एकच शब्द असेल तर आमच्यासारख्यांनी फरक कसा ओळखायचा?

गोदाकाठ

ताई, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या अनुभवाचा माझ्या म्हणण्याला आधारच आहे. मी दोन दिवसांची कार्यशाळा मागत नाहीये. इंग्लंडमध्ये सीबीटी थेरपिस्ट होण्यासाठी वर्षभर आठवड्यातले दोन दिवस वर्गात आणि तीन दिवस प्रत्यक्ष सेवेत काढावे लागतात, तेही आधीचा व्यावसायिक अनुभव असताना.

फरक कसा ओळखायचा, तर त्यांच्या सत्राची टेप कोणी ऐकली आहे का हे विचारा. रुग्णाच्या परवानगीने सत्र रेकॉर्ड होतं आणि अनुभवी माणूस ते ऐकून बारा मुद्द्यांवर गुण देतो. आजचा विषय दोघांनी मिळून ठरवला का, प्रश्न विचारून माणसाला स्वतः उत्तरापर्यंत येऊ दिलं का, गेल्या वेळचा गृहपाठ पाहिला का, असे ते मुद्दे. प्रत्येकी सहा गुण, एकूण ७२, आणि उत्तीर्ण व्हायला साधारणपणे ३६. माझ्या पहिल्या टेपला २९ मिळाले. मी सलग अकरा मिनिटं बोलत होते! समोरची बाई फक्त "हो" म्हणत होती. आपल्याकडे समुपदेशन या शब्दातच उपदेश आहे, आणि तो जिभेवरून घालवायला मला आठ महिने लागले. पुस्तक वाचून किंवा भाषणं ऐकून तो गेला नसता.

निफाडकर

मी द्राक्षवाला. तुमच्या शिक्षणाच्या वादात मला पडायचं नाही, मला मुळातच शंका आहे. ऐन माल तयार असताना गारपीट होते. ती चुकली तर वेलीवर डावणी रोग येतो. दोन्हीतून वाचलं तर व्यापारी माल उचलून पैसे न देता गायब. सोसायटीचं कर्ज तसंच. माझ्या चुलतभावाने या सगळ्यात अंथरूण धरलं. त्याला कोणी येऊन "विचार बदल" म्हणालं तर मला राग येईल. त्याचे विचार चुकीचे नाहीत, त्याचा हिशेब चुकीचा नाही. पैसे बुडालेत.

सुरगाण्याहून

मी आशा आहे. वर "निवडक आशाताई" असं वाचलं म्हणून लिहिते.

गरोदर बाया, लसीकरण, टीबीची औषधं, सर्वेक्षण, हे सगळं आम्ही मोबदल्यावर करतो, तोही वेळेवर येत नाही. आता त्यात मनाचं आणखी एक रजिस्टर नको. आणि एक तास एका बाईजवळ बसायचं तर पाड्यावरच्या बाकीच्या घरांचं काय?

आमच्याकडे डिप्रेशन कोणी म्हणत नाही. जीव लागत नाही म्हणतात, डोकं जड म्हणतात, अन्न गोड लागत नाही म्हणतात. तुमच्या प्रश्नावलीचं मराठी इथल्या कोकणी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कळत नाही. विचार वहीत लिहून आणा म्हणाल तर लिहिता येत नाही. हे सगळं ठरवताना आम्हाला कोणी विचारलं का?

गोदाकाठ

सुरगाण्याच्या ताई, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आशाताईंचा मुद्दा मी मागे घेते. हे काम द्यायचं तर ते वेगळं पद हवं, वेगळा पगार हवा.

निफाडकर दादा, "विचार बदल" असं म्हणणारा माणूस सीबीटी करतच नसतो. भावाचे पैसे बुडाले हे खरंच आहे, ते खोटं ठरवायचं नाही. पण "पैसे बुडाले" पासून "मी घरच्यांवर ओझं आहे, मी नसलो तर बरं" इथपर्यंत मन जातं, तिथे थांबून विचारायचं असतं. आणि अंथरूण धरलेल्या माणसाशी सुरुवात विचारांपासून करतच नाहीत. सुरुवात हालचालीपासून. तो बागेत जायचं टाळतो, म्हणून काहीच घडत नाही, म्हणून आणखी खचतो. मग ठरवायचं की उद्या सकाळी फक्त चहा घेऊन बांधापर्यंत जायचं. केलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण. लिहिता न येणाऱ्या बाईलाही खूण करता येते. बँकेत कोणाला भेटायचं, कागद कोणते न्यायचे, हेही त्याच सत्रात बसून ठरवतात.

गोव्यात संगथ या संस्थेने हेच केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांबरोबर, सहा ते आठ सत्रं. करणारी माणसं मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट निवडलेली, शिकवलेली, एकमेकांच्या टेप ऐकून गुण देणारी. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ३९ टक्के.

निवृत्त शिक्षक

एक आठवण द्यावीशी वाटते. हे आपल्याला अगदीच नवं नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञांची, सीबीटीच्याच कुळातली विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी एलिसना पत्रं लिहून लिहून शिकून घेतली आणि महाराष्ट्रात रुजवली. मराठीत त्यासाठी शब्द तयार आहेत. प्रशिक्षण होईल ते मराठीत व्हावं. इंग्रजी तक्ते भरून घेणारी मुलं मी पाहिली आहेत, रुग्ण त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो.

त्र्यंबक रोड

गोव्याचा अभ्यास मी वाचलेला आहे. चांगला आहे. पण त्यात रुग्ण निवडताना संशोधकांची अख्खी टीम होती आणि देखरेखीची शिस्त होती. टीम गेली की शिस्त टिकते का, हा माझा प्रश्न. आणि टेप ऐकणार कोण? यूजीसीने एम.फिल. बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंतची सवलत दिली. शिकवणारेच कमी पडणार असतील तर शिकणारे वाढवून काय साधणार?

दोन गोष्टी मान्य असतील तर मी विरोध सोडतो. पहिली, सत्रं सुरू होण्याआधी एकदा डॉक्टरने तपासलेलं असलं पाहिजे. दुसरी, पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे जगू नये असं वाटतं का या प्रश्नाला, शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर शिकाऊ माणसाने त्याच दिवशी, रुग्ण खोलीत असतानाच, वरिष्ठाला फोन करायचा. रात्रीसाठी घरच्यांच्या हातात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक द्यायचा आणि कीटकनाशकाचे डबे कुलपात गेलेत याची खात्री करायची. उद्या बघू असं चालणार नाही.

आठवड्याला दोन टेप मी ऐकेन. त्याहून जास्त जमणार नाही.

गोदाकाठ

दोन्ही मान्य. आणि दोन टेप म्हणजे चार शिकाऊ, प्रत्येकाची पंधरा दिवसांतून एक. मी चारांपासूनच सुरुवात करायला तयार आहे.

इंदिरानगर

पाटीवर "प्रशिक्षणार्थी" हा शब्द आणि देखरेख करणाऱ्याचं नाव लिहा, एवढंच माझं मागणं. आम्हाला ते दोन्ही कुठेच दिसलं नव्हतं.

निफाडकर

ताई, पिंपळगावला कोणी बसणार असेल तर वेगळी जागा घेऊ नका. मानसोपचार अशी पाटी पाहून आमच्यातलं कोणी आत पाऊल टाकणार नाही. नेहमीच्या दवाखान्यातलीच एक खोली घ्या. आणि एप्रिल संपेपर्यंत थांबा, छाटणी उरकली की मी भावाला स्वतः घेऊन येतो. तोवर बांधापर्यंतचं मी करून बघतो.

त्र्यंबक रोड

दादा, एप्रिलपर्यंत थांबू नका. भावाला "मी नसलो तर बरं" असं वाटतं का, हे आज सरळ विचारा. विचारल्याने तसं मनात येत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, आजच सिव्हिलला घेऊन या.