मदत हवी आहे: बुलेटला मिनरल ऑइल की सिंथेटिक?

गाडी क्लासिक ३५०, २०१४ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी घेतली, आता मी चालवतो. रनिंग ५८ हजारच्या आसपास. रोजचं सातारा शहर ते एमआयडीसी, म्हणजे फार लांब नाही, आणि अधूनमधून रविवारी कास किंवा महाबळेश्वर. सकाळी सेल्फ मारला की थोडा वेळ टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) वाजल्यासारखा टकटक आवाज येतो, नंतर जातो. बाकी तक्रार नाही.

ऑइल बदलायची वेळ झाली आहे. आमचे नेहमीचे मिस्त्री मामा म्हणतात, "जुन्या गाडीला २०डब्ल्यू५० मिनरलच टाकायचं, सिंथेटिक पातळ असतं, सगळीकडून गळायला लागेल." ऑफिसातला मित्र म्हणतो फुल सिंथेटिक १५डब्ल्यू५० टाक, इंजिन लोण्यासारखं चालेल. भावात दुपटीहून जास्त फरक आहे. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू५०, एपीआय एसएल (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा दर्जा), जासो एमए२ (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलंय. घरी कारसाठी आणलेलं ५डब्ल्यू३० सिंथेटिकही उरलंय, ते चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

फाटकी_सीट: सिंथेटिक टाक आणि विसर. मी टाकतो, मस्त आहे.

पाना_१२_१३: विसर कशाला? कुठलं सिंथेटिक, कुठला ग्रेड, काहीतरी सांगा की राव.

आधी कारचं ऑइल बाजूला ठेवा. ते अजिबात टाकू नका. तुमच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात असतात. (जुन्या कास्ट आयर्न बुलेटला गिअरबॉक्सचं तेल वेगळं असायचं, तो जमाना गेला.) कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, ॲव्हरेज वाढावं म्हणून. तीच क्लच प्लेटवर बसली की चढावर गाडी नुसती ओरडते, वेग घेत नाही. जासो एमए किंवा एमए२ हा शिक्का त्याचसाठी, की ओला क्लच घसरणार नाही. स्कूटरला एमबी चालतं कारण तिचा क्लच तेलात बुडालेला नसतो. शिवाय तुमच्या इंजिनला ३० चा ग्रेड पातळही पडेल.

आता "सिंथेटिक पातळ असतं" याबद्दल. मामांचा अनुभव मोठा असेल, पण हे बरोबर नाही. पातळ की जाड हे डब्यावरचे आकडे सांगतात. शेवटचा ५० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं ते. मिनरल २०डब्ल्यू५० आणि सिंथेटिक १५डब्ल्यू५०, दोन्ही गरम झाल्यावर एकाच पट्ट्यात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. १५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. साताऱ्यात तेवढी थंडी कधी पडायची! तरी सकाळी गार इंजिनात १५डब्ल्यू थोडं लवकर वर चढतं. तुमच्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते तेलाच्या दाबावरच भरतात. सुरुवातीची टकटक बहुधा त्याचीच. तेल जुनं झालं असेल किंवा पातळी कमी असेल तरी हेच होतं, तेव्हा आधी गाडी मेन स्टँडवर उभी करून काचेतून पातळी बघा.

खरा फरक तापल्यावर कळतो. मिनरल तेलात लहानमोठे सगळ्या प्रकारचे रेणू असतात. हलके उडून जातात, कच्चे लवकर ऑक्सिडाइज होतात, मग तेल दाटतं, गाळ धरतं. सिंथेटिकमध्ये रेणू बरेचसे एकसारखे, म्हणून ते जास्त टिकतं. एअर कूल्ड इंजिन, ट्रॅफिक, एप्रिल-मे, तिथे पैसे वसूल होतात. तुमच्या रोजच्या छोट्या फेरीत मात्र इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. पेट्रोल आणि ओल तेलात मिसळते, आणि त्यावर सिंथेटिककडे काहीच औषध नाही. म्हणजे महाग तेल टाकून बदलायची मुदत दुप्पट करणार असाल, तर नको.

डिझेलभक्त: एक भर. डब्यावर "फुल सिंथेटिक" लिहिलंय म्हणजे ते प्रयोगशाळेत जोडून बनवलेलं असतं असं नाही. एपीआयच्या वर्गीकरणात गट चार म्हणजे पीएओ नावाचं कृत्रिम तेल, ते खरंच बनवलेलं. गट तीन म्हणजे क्रूडपासूनच, पण हायड्रोक्रॅकिंग करून (हायड्रोजनच्या मदतीने रेणू तोडून) फार शुद्ध केलेलं. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा यावरच वाद झाला. जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या संस्थेने गट तीनला सिंथेटिक म्हणायला हरकत घेतली नाही. तेव्हापासून बाजारातलं बरंच "सिंथेटिक" गट तीनचं असतं. वाईट नाही हं, चांगलंच असतं. पण भाव बघून हुरळून जाऊ नका. "सेमी" म्हणजे मिनरल-सिंथेटिकचं मिश्रण, त्यात सिंथेटिक किती टक्के, हेही डब्यावर सापडणार नाही.

धागाकर्ता: खूप आभार! ५डब्ल्यू३० कपाटात परत गेलं. गळतीचं मात्र राहिलं. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली आत्ताच थोडा ओलसरपणा दिसतोय, आणि तेल तर मिनरलच आहे.

पाना_१२_१३: मग सिंथेटिकला दोष कसा देणार? १९७० च्या दशकातली पहिली सिंथेटिक तेलं रबराच्या सीलला आकसवायची, ही बदनामी तिथून आली. आता त्यात सील फुगीर ठेवणारे घटक असतात. जुना कडक झालेला सील मात्र कुठल्याही तेलाने गळतो, आणि गाळ धुतला गेला की जास्त दिसतो. आधी कव्हर उघडून बघा, चेनचं वंगण उडून तिथे साचतं, बरेचदा तेच असतं. शाफ्टचा सील निघाला तर तो बदला, मग तेल टाका.

तुमच्या जागी मी १५डब्ल्यू५० सेमी सिंथेटिक एमए२ घेतलं असतं. मॅन्युअलमध्ये ग्रेड आणि शिक्के दिलेत, तेवढे जुळले की पुरे. उन्हाळ्यात गोवा-बिवा लांब पल्ला करणार असाल तर फुल घ्या. फ्लशिंग ऑइलच्या नादी लागू नका, ५८ हजारच्या इंजिनात सुटलेली घाण जाळीत अडकायची. त्यापेक्षा पहिली बदली थोडी लवकर करा. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं त्याचं कामच आहे.

फाटकी_सीट: मीपण सेमीच टाकतो खरं तर, आत्ता डबा बघितला 😄

डिझेलभक्त: 😂 रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच भंगारात द्या, नाहीतर त्यात नकली भरून परत येतो. आणि फिल्टरच्या झाकणाचा ओ-रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर नवे घ्या. मामांकडे नसतील तर स्पेअर्सच्या दुकानात मिळतात.