दगडी पूल, ओढा आणि माझे सपाट फोटो

प्रश्न: तीन रविवार त्याच जुन्या पुलापाशी घालवले. डोळ्यांना कमानीखालचा ओलसर काळोख, शेवाळ, खळाळतं पाणी सगळं दिसतं; फोटोत मात्र पांढरंफटक आकाश आणि करडा दगड. वेळ सकाळी १०, लेन्सचं छिद्र एफ/२२ (अगदी बारीक), शटर १/१५ सेकंद. कुठे चुकतंय?

उत्तर १: दहाच्या उन्हात कमान काळी पडणार नाहीतर आकाश जळणार. ढगाळ दिवशी जा. आणि एफ/२२ सोडा हो, इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (विवर्तन) आणि बारकावे पुसट होतात. एफ/११ पुरे.

उत्तर २: पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लेन्सवर लावा आणि फिरवत बसा. ओल्या दगडावरची चकाकी गेली की शेवाळाचा हिरवा रंग उठतो. वर तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे ढगाळ दिवशी शटर अर्ध्या सेकंदापर्यंत नेता येतं. पाण्याच्या रेघा टिकतात. १० सेकंद दिलेत तर दूध सांडल्यासारखं दिसतं. मला ते बघवत नाही. ट्रायपॉड हवाच. काठावरून काढता का? खाली उतरा.

प्रश्नकर्ता: उतरलो! ट्रायपॉड गुडघ्याइतका, आकाश चौकटीबाहेर. एक चप्पल वाहून गेली, पण संथ डोहातल्या प्रतिबिंबासकट कमानीचं अख्खं वर्तुळ मिळालं.