अण्णांचा तक्ता आणि आत्याचे मत

आत्या: सर्वांना नमस्कार. अण्णांनी काल रात्री पुन्हा तोच तक्ता पाठवला आहे. त्यात अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी इच्छुक असलेल्यांची नावे आहेत, प्रत्येकाने सार्वजनिक पदांवर काढलेली वर्षे आहेत आणि ज्याची वर्षे जास्त त्याला मत द्यावे, असा खाली निकालही आहे. पेन्सिल्व्हेनियात राहते मी आणि मतही मलाच द्यायचे आहे. ते नोकरीच्या अर्जांची छाननी करावी तसे देण्याची माझी तयारी नाही. मी नागरिकत्व घेतले तेव्हा याच ग्रुपवर जे बोलणे झाले, ते अजून लक्षात आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

थोरले काका: तो विषय आज उकरून काढण्याचे कारण नव्हते. माझा मुद्दा साधा आहे. ज्याच्या एका आदेशावर अण्वस्त्रे सुटू शकतात, त्याने त्याआधी काहीतरी चालवून दाखवलेले असावे. अनुभवाला पर्याय नाही.

धाकटे काका: अण्णा, या हिशेबाने जेम्स ब्यूकॅनन हा सर्वोत्तम अध्यक्ष ठरायला हवा होता. प्रतिनिधिगृह, सिनेट, रशिया आणि ब्रिटनमधील वकिलात, परराष्ट्रमंत्रिपद, हे सगळे त्याच्या गाठीशी होते. मार्च १८६१ मध्ये त्याने पद सोडले, तोवर दक्षिणेतील सात राज्ये संघराज्यातून फुटल्याचे जाहीर करून मोकळी झाली होती. त्याच्यानंतर आलेल्या लिंकन यांच्याकडे राष्ट्रीय पातळीवरचा अनुभव म्हणाल, तर प्रतिनिधिगृहातील दोन वर्षांची एक मुदत, एवढाच. तुमच्या तक्त्यात लिंकन शेवटच्या ओळीत गेले असते.

थोरले काका: एका उदाहरणावरून नियम ठरत नाही. थोरल्या बुश यांच्याकडे पाहा. संयुक्त राष्ट्रांतील राजदूत, सीआयएचे प्रमुख आणि आठ वर्षे उपाध्यक्ष राहिलेल्या माणसाने १९९१ च्या आखाती युद्धात किती देशांची मोट बांधली, हे आठवा.

धाकटे काका: पुढच्याच वर्षी ते हरले, हेही आठवतो.

थोरले काका: ती मतदारांची चूक होती.

आत्या: मतदारांची चूक होती, असे अमेरिकेत मत नसलेल्या माणसाने म्हणणे सोपे असते, अण्णा. नवे कर लावणार नाही, असे १९८८ मध्ये ठणकावून सांगितलेल्या बुश यांनी १९९० मध्ये करवाढीला संमती दिली. १९९२ मध्ये मंदी ओसरली असे अर्थतज्ज्ञ म्हणत होते, पण लोकांना ते जाणवत नव्हते. मतदाराने अनुभव नाकारला असे नाही. आमच्या सध्याच्या अडचणीत या अनुभवाचा काय उपयोग झाला, एवढाच त्याचा प्रश्न होता.

काकू: निवडणुकीचेच बोलावे, घरातील जुने हिशेब येथे काढू नयेत, ही विनंती दोघांनाही आहे.

वहिनी: सर्व वडीलधाऱ्यांची क्षमा मागून लिहिते. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामांविरुद्ध लढणाऱ्या हिलरी क्लिंटन यांची एक जाहिरात फार गाजली होती. मुले झोपलेली आहेत, पहाटे तीन वाजता व्हाइट हाउसमधला फोन वाजतो आहे आणि तो कोणी उचलावा असे मतदाराला विचारले आहे. ओबामांची सिनेटमधील कारकीर्द तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. त्यांचे उत्तर असे होते की, परराष्ट्र धोरणातील खरी परीक्षा इराक युद्धाची होती आणि त्या परीक्षेत अनुभवी मंडळी चुकली. ऑक्टोबर २००२ मध्ये ओबामांनी शिकागोच्या सभेत त्या युद्धाला विरोध केला होता आणि त्याच महिन्यात क्लिंटन यांनी सिनेटमध्ये युद्धाच्या अधिकाराच्या बाजूने मत दिले होते. म्हणजे ओबामांची भूमिका हीच त्यांच्या विवेकाची साक्ष ठरली आणि वर्षांचा प्रश्न मागे पडला.

थोरले काका: सूनबाई, तू लिहिलेस ते नेमके आहे, पण अर्धेच आहे. २००२ मध्ये ओबामा सिनेटमध्ये नव्हतेच. ज्याला मत नोंदवायचे नव्हते, त्याला भाषण करायला काय लागते? क्लिंटन यांना नावानिशी हो किंवा नाही म्हणावे लागले.

धाकटे काका: अण्णांचे हे म्हणणे मात्र मान्य करावे लागेल. पण त्यातून अनुभवाची दुसरी बाजूही दिसते. सिनेटमध्ये दीर्घकाळ काढलेल्या माणसाच्या नावावर हजारो मते नोंदलेली असतात आणि त्यातील कोणतेही उचलून त्याच्यावरच उगारता येते. इराक आणि अफगाणिस्तानातील मोहिमांसाठी असलेल्या ८७ अब्ज डॉलरच्या निधीला विरोध करण्याआधी आपण पाठिंबा दिला होता, असे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी २००४ मध्ये बोलून गेले. सिनेटच्या कामकाजात एकाच विषयावर वेगवेगळ्या मसुद्यांवर मतदान होते, हे समजावून सांगायला त्यांना पुढे वेळच मिळाला नाही. गव्हर्नरांच्या, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखांच्या, मागे हा ससेमिरा कमी असतो.

मी: म्हणूनच १९७६ ते २००४ या काळातील निवडणुकांत १९८८ चा अपवाद वगळला, तर प्रत्येक विजेता कधी ना कधी गव्हर्नर राहिलेला होता: कार्टर, रेगन, बिल क्लिंटन, धाकटे बुश. अध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर राजधानीपासून दूर राहिलेला असणे हीच पात्रता ठरू लागली. कार्टर मात्र १९८० मध्ये हरले, तेव्हा अध्यक्षपदाचा प्रत्यक्ष अनुभव त्यांच्याकडे होता आणि रेगन यांच्याकडे नव्हता. चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमची स्थिती बरी आहे का, या रेगन यांच्या प्रश्नाने तो अनुभव कार्टर यांच्यावरच उलटला.

थोरले काका: अनुभवाला पर्याय नाही. ज्यांनी तक्ता पाहिला नसेल त्यांच्यासाठी तो पुन्हा पाठवत आहे.

वहिनी: काका, आम्ही सर्वांनी पाहिला आहे.

धाकटे काका: १९६० मध्ये निक्सन यांची प्रचारघोषणाच अनुभवाची महती सांगणारी होती. त्यांच्या कोणत्या महत्त्वाच्या सूचनेचा तुम्ही स्वीकार केला, असे पत्रकाराने अध्यक्ष आयझेनहॉवर यांना विचारले. एक आठवडा द्या, कदाचित एखादी आठवेल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले आणि आठ वर्षांच्या उपाध्यक्षपदाची रया गेली.

काकू: यांच्या कोणत्या सूचनेवर घरात काही ठरले, असे मला विचारले, तर मीही आठवडाभराची मुदत मागेन.

थोरले काका: हा संदेश हटवण्यात आला आहे.

धाकटे काका: पाहिला मी, अण्णा. असो. वहिनीबाईंनी एवढे मुद्देसूद लिहिले, पण त्यांचे राज्य कॅलिफोर्निया आहे. तेथील ५४ इलेक्टोरल मते, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याच्या वाट्याला येणारी मते, कोठे जाणार हे सर्वांना आधीच माहीत असते. ताईच्या पेन्सिल्व्हेनियात १९ आहेत, पण २०१६ मध्ये तेथील फरक साधारण ४४ हजार मतांचा होता. खरे वजन ताईच्या मताला आहे.

वहिनी: काका, आपल्या बोलण्याचा रोख समजला. त्याच मतपत्रिकेवर प्रतिनिधिगृह आणि राज्यातील इतर पदांचे उमेदवारही असतात, एवढेच नम्रपणे सुचवते.

आत्या: या वजनाचा त्रास मला विचारा. निवडणुकीच्या वर्षी आमची टपालपेटी जाड, गुळगुळीत पत्रकांनी भरलेली असते. एकाच दिवशी आलेल्या दोन पत्रकांत एकाच उमेदवाराची दोन विरुद्ध मते छापलेली मी पाहिली आहेत. दगडी थरांतून नैसर्गिक वायू काढण्याच्या फ्रॅकिंगचेच घ्या, हा आमच्या राज्यात रोजगाराचा प्रश्न आहे. कमला हॅरिस यांनी २०१९ मध्ये बंदीला पाठिंबा दिला होता आणि २०२४ मध्ये बंदी घालणार नाही असे सांगितले. तेव्हा भूमिका पाहून मत द्यावे म्हटले, तरी कोणत्या वर्षाची भूमिका धरायची? भूमिका बदलली म्हणून मला राग येत नाही. ती का बदलली याचे पटेल असे कारण उमेदवार देतो की नाही, ते मी पाहते.

मी: आत्या, त्यातही एक गोम आहे. पुष्कळ मतदार भूमिका पाहून नेता निवडत नाहीत. ते आधी नेता निवडतात आणि मग त्याच्या भूमिका स्वतःच्या मानू लागतात, असे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना आढळले आहे. मुक्त व्यापाराचा पक्ष म्हणवणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे कित्येक मतदार २०१६ च्या सुमारास आयातशुल्काच्या बाजूला झुकले, ते अर्थशास्त्र नव्याने वाचून नव्हे. त्याच वर्षी कोणतेही राजकीय पद किंवा लष्करी सेवा पाठीशी नसलेला माणूस प्रथमच अध्यक्षपदी निवडून आला. राजकारणात नसणे ही त्याच्या समर्थकांना उणीव वाटली नाही, उलट तीच शिफारस वाटली.

थोरले काका: म्हणजे अनुभव आणि भूमिका दोन्ही निरर्थक, असे तुमचे म्हणणे आहे का? मग लोक मत देतात तरी कशावर?

आत्या: नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत बहुतेक जण पक्षावर देतात, अण्णा. आमच्याकडे २०१९ पर्यंत मतपत्रिकेवर एकच खूण करून पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देता येत असे. कायद्याने ती सोय काढून टाकली, पण सवय गेलेली नाही. तुमच्या तक्त्याला अर्थ आहे तो प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत. तेथे सगळे एकाच पक्षाचे असतात आणि भूमिकाही साधारण सारख्या असतात. मग कोणी काय चालवले, संकटात कोण कसा वागला, हेच पाहावे लागते. फक्त वर्षांच्या शेजारी त्या वर्षांत काय केले, तेही लिहा.

थोरले काका: हे तू आधी सांगितले असतेस, तर एवढा वाद झाला नसता. मग प्रायमरीत कोणाला मत देणार आहेस?

आत्या: सध्या कोणालाच देता येणार नाही. आमच्या राज्यात प्रायमरीत पक्षाकडे नोंदणी असलेल्यांनाच मतदान करता येते आणि माझी नोंदणी कोणत्याही पक्षाकडे नाही.

वहिनी: आत्या, नोंदणी ऑनलाइन बदलता येते. प्रायमरीच्या १५ दिवस आधीपर्यंत मुदत असते, ती चुकवू नका.

थोरले काका: कोणत्या पक्षाकडे करणार आहेस?

आत्या: ते मी या ग्रुपवर सांगणार नाही.