मदत हवी आहे: कपाटात रुजवलेली वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं कोलमडताहेत

रानजाई

नमस्कार मंडळी. मी टोरांटोशेजारी मिसिसागाला राहते. बागकामाचे जुने धागे वाचून काढले, पण बहुतेक पुण्या-नाशिकच्या गच्चीवरचे नाहीतर कॅलिफोर्नियातल्या परसबागेचे आहेत. माझ्याकडे अजून बाहेर बर्फ आहे आणि रोपं घरात, कोट ठेवायच्या कपाटात आहेत. म्हणून नवा धागा काढते आहे.

यंदा आमच्या भागातल्या सामुदायिक बागेत मला एक वाफा मिळाला. बरीच वर्षं यादीत नाव होतं, त्यामुळे तो वाया जाऊ द्यायचा नाही. इथल्या नर्सरीत मे महिन्यात ढोबळी मिरची, हलापेन्यो, लांबडं जांभळं वांगं यांची रोपं मिळतात. भरल्या वांग्यांना लागतं तसं लहान, गोल, काटेरी देठाचं वांगं आणि ठेच्याची बारीक तिखट मिरची मात्र रोपात मिळत नाही. भारतातून बिया आणायच्या तर कागदपत्रांची भानगड, म्हणून इथल्याच एका बियाणेवाल्याकडून मागवल्या. इथे मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत दहिवर (गोठलेलं दव) पडू शकतं, आणि वांगी-मिरचीला तर नुसती थंडीही सोसत नाही. म्हणजे मार्चमध्ये घरात रोपं करणं आलंच.

घराची एकमेव मोठी खिडकी उत्तरेला आहे. म्हणून दाराजवळचं कपाट रिकामं केलं. रुंदी साधारण तीन फूट, खोली दोन फूट. मधल्या फळीवर ट्रे ठेवले आहेत आणि वरच्या फळीच्या पोटाला दोन फुटी पांढरी एलईडी ट्यूब लावली आहे. ट्रेपासून ट्यूब दीड फूट उंच असेल. दिवा टायमरवर १६ तास चालतो. कपाटाचं दार लावलेलं असतं, कारण घरात लहान मूल आहे. माती म्हणून दुकानातलं कुंड्यांसाठीचं मिश्रण वापरलं आहे, ट्रेवर प्लॅस्टिकचं झाकण आहे, आणि रोज सकाळी स्प्रेने पाणी मारते.

आता अवस्था अशी. टोमॅटो भराभर उगवले, पण नुसते उंच वाढताहेत. पहिल्या दोन पानांखालचा दांडा बोटभर लांब, दोऱ्यासारखा बारीक, आणि सगळी रोपं एका बाजूला कललेली. वांग्याची उगवण चांगली झाली होती, पण रोज सकाळी दोन-तीन रोपं आडवी पडलेली दिसतात. जवळून पाहिलं तर मातीलगत दांडा पाणी भरल्यासारखा, तपकिरी आणि चिमटीत धरून दाबल्यासारखा बारीक झालेला असतो. वरची पानं तोवर हिरवीगार. मिरचीचं तर अजून डोकंही वर आलेलं नाही.

दिवा २४ तास ठेवू का? इथे भांगेची रोपं घरात लावणाऱ्यांसाठी सामान विकणारं एक दुकान आहे, तिथे चौकशी केली तर त्यांनी दोन-अडीचशे वॉटचा दिवा आणि तंबू सुचवला. तेवढ्याची खरंच गरज आहे का? आणि वांग्याची उरलेली रोपं वाचतील का? कृपया सांगा.

मुळशीकर

फोटो टाकलात तर बरं होईल. कपाटात तापमान किती असतं? शक्य असेल तर ट्रेच्या पातळीवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजून सांगा. फोनवर फुकटची अ‍ॅप असतात, अगदी अचूक नसतात पण अंदाज येतो.

रानजाई

कपाटात दिवसा २३ आणि रात्री १९ अंश. लक्स ट्रेवर मधोमध ३००० च्या आसपास, कडेला २००० सुद्धा नाही. फोटो रात्री टाकते.

ओटावाचा_माळी

ताई, टोमॅटोचं उत्तर तुमच्या लक्समध्येच आहे. आपल्या डोळ्यांना ३००० लक्स म्हणजे लख्ख उजेड वाटतो, कारण ऑफिसात ५०० लक्सवर आपलं काम चालतं. बाहेर भर उन्हात मात्र लाखभर लक्स असतात. रोपाला हिशोब लागतो तो प्रकाशकणांचा. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की दर सेकंदाला चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशकणांचा ढोबळ आकडा (मायक्रोमोलमध्ये) मिळतो. तुमच्याकडे तो ४० च्या जरा वर येतो. रोपांना निदान २०० ते ३०० लागतात, म्हणजे १५ ते २० हजार लक्स. इतक्या कमी उजेडात उबेला ठेवलेलं टोमॅटोचं रोप आपण कशाच्या तरी सावलीत आहोत असं धरून चालतं आणि सगळी ताकद दांडा लांबवण्यात घालतं. खत कमी पडल्याचं हे लक्षण नाही, त्यामुळे आत्ता खत मुळीच देऊ नका.

मोठा दिवा घेऊ नका. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावायची मुभा आली. तेव्हापासून या दुकानांतलं सामान फुलावर आलेल्या मोठ्या झाडांच्या मापाचं असतं. आपल्याला तळहाताएवढी रोपं वाढवायची आहेत. तसा दिवा घेतलाच तर पाव ताकदीवर चालवावा लागेल, आणि बंद कपाटात त्याची उष्णता कुठे जाणार? त्याऐवजी आणखी एक तशीच ट्यूब आणा, दोन्ही साखळीवर टांगा आणि पानांपासून चार ते सहा इंचांवर आणा. रोपं वाढतील तशा साखळीच्या कड्या सोडत दिवे वर घ्या. कपाटाच्या तिन्ही बाजूंना आतून पांढरा कार्डशीट लावा, कडेच्या रोपांना त्याने बराच फरक पडतो. हे केल्यावर पुन्हा लक्स मोजा.

२४ तास अजिबात नको. टोमॅटो आणि वांगं या दोघांनाही रात्र लागते. सतत उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडायला लागतात, हे नीट तपासलेलं आहे. तुमचे १६ तास योग्य आहेत.

आणखी एक, हे जरा कळकळीने सांगतो. त्या कपाटात आता कोट टांगू नका. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नका. वायरचा झोल प्लगच्या खाली येऊ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. एलईडी थंड असते म्हणतात, पण तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा भाग, चांगला तापतो.

सुगरण_सासवड

वांग्याच्या मातीवर हळद भुरभुरा. माझ्या आईचा उपाय आहे, बुरशी लागत नाही.

कृष्णाकाठ

आमची सांगली भागात भाजीपाल्याची रोपवाटिका आहे, म्हणून वांग्याबद्दल लिहितो.

ताई, तुम्ही लक्षण इतकं नेमकं लिहिलं आहे की फोटोची गरज नाही. हा रोपं कोलमडण्याचा रोग आहे, आमच्याकडे मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा जमिनीतल्या बुरशींमुळे येतो. जमिनीलगत दांडा कुजतो, वरच्या पानांना ते कळायच्या आत रोप आडवं होतं. एकदा कोलमडलेलं रोप कशानेही उभं राहत नाही. हळदीने नुकसान होणार नाही, पण बुरशी मातीत असते, पाण्याबरोबर पसरते आणि दांड्यात खालून शिरते. वर भुरभुरलेल्या पुडीने ती थांबत नाही. माझं सांगणं स्पष्ट आहे: तो ट्रे मातीसकट टाकून द्या. उभी दिसणारी रोपंही बहुतेक लागण झालेली असतील, आणि शेजारच्या टोमॅटोच्या ट्रेला ती देतील. ट्रे पुन्हा वापरायचा असेल तर साबणाने घासा, मग ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग यात बुडवून ठेवा, नंतर स्वच्छ धुऊन वाळवा.

आता पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून. बुरशीला तीन गोष्टी आवडतात: सतत ओली माती, कोंडलेली हवा आणि कमी उजेड. बंद कपाट, झाकलेला ट्रे आणि रोजचा स्प्रे यात तिन्ही जमून येतात. आमच्या रोपवाटिकेत पोरांना पहिल्या दिवसापासून एकच शिकवतो, वाफसा ओळख. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत दाबलं की बोटांच्या फटीतून पाणी गळायला नको, आणि मूठ उघडली की गोळा टिकायला हवा, बोट लावलं की फुटायला हवा. तेवढीच ओल. उगवण दिसली की झाकण त्याच दिवशी काढायचं. पाणी वरून न देता ट्रेच्या खालच्या ताटलीत घालायचं, अर्ध्या तासात उरलेलं ओतून द्यायचं, आणि वरचा थर फिकट दिसेपर्यंत पुन्हा द्यायचं नाही. ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा, आठवड्याभरात हाताला बरोबर कळायला लागतं.

कुंड्यांचं मिश्रण या कामाला जड पडतं. त्यात सालींचे तुकडे असतात, खतही असतं. बारीक चाळलेलं बी रुजवायचं मिश्रण किंवा धुतलेलं कोकोपीट घ्या. आम्ही वांग्या-मिरचीच्या बियाला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळतो, किलोला ५ ग्रॅम. तुमच्याकडे बी चिमूटभर असणार, तेव्हा तिकडे ते सहज मिळालं नाही तरी अडणार नाही. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका, दाटी करू नका.

टेक्सासची_चिंगी

आणि छोटा पंखा! टेबलावरचा, सगळ्यात कमी वेगावर, थेट रोपांवर न मारता भिंतीकडे तोंड करून. दार किमान दिवा चालू असेल तेवढा वेळ उघडं हवं. मुलाची काळजी असेल तर दारात लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं फाटक लावा. वाऱ्याने हलणाऱ्या रोपांचा दांडा जाड होतो. पंखा नसेल तेव्हा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवला तरी तोच परिणाम होतो.

मातीवर बारीक काळी चिलटं उडताना दिसतात का? तीही ओल्या मातीची खूण. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळे चिकट कागद लावून ठेवा.

रानजाई

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. चिलटं आहेत! मला ती फळांवरची वाटली होती. वांग्याचा ट्रे आज टाकला, जिवावर आलं होतं पण टाकला. झाकणं काढली, दार उघडं, पंखा सुरू. दुसरी ट्यूब आणून दोन्ही साखळीवर घेतल्या, बाजूंना पांढरा कागद लावला. आता मधोमध १६ हजार लक्स दाखवतंय, कडेला ११ हजार.

लांबलेल्या टोमॅटोंचं काय करू? आणि मिरचीची वाट पाहू की पुन्हा पेरू?

मुळशीकर

टोमॅटो आणि मिरची दोन्ही मोठ्या कपात हलवताना पानांपर्यंत खोल पुरा, दांड्याला मुळं फुटतील.

ओटावाचा_माळी

टोमॅटोसाठी बरोबर. त्याच्या दांड्यावर जागोजाग मुळं फुटतात, त्यामुळे लांबलेलं रोप पहिल्या पानांच्या जरा खालपर्यंत पुरलं तरी उलट जोम धरतं. मिरची आणि वांग्याचं तसं नाही. त्यांचा दांडा इतक्या सहज मुळं धरत नाही, आणि थंड ओल्या मातीत खोल पुरला तर कुजतो. ती होती त्याच पातळीवर, फार तर बोटाच्या पेरभर खाली लावा. टोमॅटोची पहिली खरी पानं, म्हणजे कातरलेल्या कडांची, नीट उघडली की हलवा. उचलताना पानाला धरा, दांड्याला नाही. पान तुटलं तर नवं येतं. खत त्यानंतरच, तेही बाटलीवर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात.

मिरचीच्या बिया मेलेल्या नाहीत, गारठल्या आहेत. हवा १९ ते २३ अंश असली तरी ओली माती त्याहून थंड असते. मिरचीला रुजायला मातीत २७-२८ अंश लागतात. तेवढी ऊब मिळाली की बहुतेक जाती आठ-बारा दिवसांत वर येतात, विशीत ठेवल्या तर तीन आठवडेही घेतात. ट्रेखाली घालायची उबेची चटई घ्या, थर्मोस्टॅटची असलेली, आणि तिची तापमान मोजणारी कांडी मातीत खोचा. मिरची वर आली की चटई काढून घ्या, नाहीतर तीही टोमॅटोसारखी ताणली जाईल. उकरून पाहायचा मोह आवरा.

कृष्णाकाठ

वांगं पुन्हा पेरायला उशीर झालेला नाही. आमच्याकडे पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांत रोप लागवडीला येतं, तुमच्या घरात आठ धरा. तिकडे बाहेर कधी लावता येतं?

ओटावाचा_माळी

टोरांटो भागात टोमॅटो लोक व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत लावतात, म्हणजे २५ मेच्या आधीच्या सोमवारच्या आसपास. वांगं-मिरची मी रात्री १३ अंशांच्या खाली जायच्या थांबेपर्यंत बाहेर काढत नाही, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उजाडतो. रानजाई, या आठवड्यात वांगं पेरलंत तर वेळ भरपूर आहे. मिरचीबरोबर त्याच चटईवर ठेवा, दोघांची उबेची गरज सारखीच.

बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस रोपं बाल्कनीत सरावाला काढा. पहिल्या दिवशी तासभर, सावलीत. कपाटातल्या १६ हजार लक्सवर वाढलेली पानं मेच्या दुपारी थेट उन्हात ठेवली तर पांढरी पडून करपतात. तुमचा मजला उंच असेल तर वाऱ्याचीही काळजी घ्या, ट्रे कठड्याच्या आडोशाला ठेवा.

रानजाई

कळलं. उबेची चटई मागवली आहे, शनिवारी येईल. बी रुजवायचं मिश्रण आणलं आणि मुठीत दाबून पाहिलं, गोळा फुटतोय. चटई आली की मिरचीचा ट्रे तिच्यावर आणि शेजारी वांग्याचा नवा ट्रे. कृष्णाकाठ दादा, एकच विचारायचं राहिलं: एका खणात एक बी टाकू की दोन?

कृष्णाकाठ

दोन टाका. दोन्ही आली तर अशक्त रोप मुळासकट न उपटता कात्रीने मातीलगत कापा. उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात.